२४ पटीचा स्कोप स्प्रिंग रायफलवर का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पॉइंट १७७ च्या (४.५ मिमी छर्ऱ्याच्या) ब्रेक बॅरल, म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग दाबायच्या एअर रायफलला ३-९×४० एओ स्कोप (३ ते ९ पट मोठेपणा, ४० मिमीचं पुढचं भिंग आणि एओ म्हणजे अंतराला जुळवायची पुढची कडी) लावा, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही परखड आणि मुद्देसूद लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. तेवढ्याच पैशांत लाल-हिरव्या दिव्याचा ६-२४×५० मिळतो, मग कमी का घ्यायचं? ‘थर्टी-ओ-सिक्स’सारख्या जबर काडतुसाच्या रायफलीवर टिकणारा स्कोप एअर रायफलवर मोडतो, ही दुकानदारांनी पिकवलेली कंडी आहे. आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला स्कोपशिवायच कांस्य जिंकलं, तर स्कोपचं एवढं कौतुक कशाला? दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण लोकांचे पैसे बुडतात ते तिथेच.

काडतुसाच्या रायफलीचा धक्का जबर असतो, पण तो मुख्यतः एकाच दिशेला, मागे. स्प्रिंग रायफलचं तसं नाही. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. मग पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो आणि तीच रायफल पुढे हिसकते. हे सगळं काही मिलिसेकंदांत, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच सुरू झालेलं असतं. ज्या स्कोपची आतली भिंगं आणि रेटिकलची (नेम धरायच्या आतल्या खुणेची) कडी फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बसवलेली असतात, तो या उलट्या हिसक्याला हळूहळू सैल होतो. क्रॉसहेअर, म्हणजे त्या खुणेच्या आडव्या-उभ्या रेषा, तुटली किंवा फिरली तर निदान कळतं तरी. खरा त्रास पुढचा: चित्र लख्ख दिसत राहतं आणि झीरो (नेम आणि छर्रा जुळल्याची जागा) मात्र रोज थोडा सरकतो. माणूस छर्रे बदलतो, पकड बदलतो, स्वतःला दोष देतो. म्हणून स्कोप स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं आहे का आणि वॉरंटीत ते धरलं आहे का, हे आधी बघायचं. हॉक कंपनीची ‘एअरमॅक्स’ मालिका तर एअर रायफल डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली आहे.

आता २४ पट. मोठेपणा वाढला की निशाणा वाढत नाही, थरथर मोठी दिसते. ५० मिमीच्या भिंगातून २४ पटीला डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम २.१ मिमीचा. डोकं केसभर हललं की चित्र काळं. ४० मिमीच्या स्कोपमध्ये ९ पटीला तो ४.४ मिमी असतो आणि गाल टेकवताच चित्र सापडतं. शिवाय वजन. साधा ३-९×४० एओ अर्ध्या किलोच्या आसपास असतो. ६-२४×५० माउंटसकट (स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगांसकट) त्याच्या बराच पुढे जातो. रेलवरची (रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीवरची) वस्तू जितकी जड, तितका प्रत्येक हिसक्याचा ताण तिच्या रिंगांवर जास्त.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकलेली दिसणं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. काडतुसाच्या रायफलींसाठीचे बिनएओ स्कोप बहुधा १०० यार्ड किंवा मीटरला जुळवलेले असतात. आपण मारतो १० ते ३० मीटरवर. डोळा मधोमध नसला तर होणारी जास्तीत जास्त चूक काढायचा हिशेब सोपा आहे: भिंगाचा अर्धा व्यास घ्या, त्याला जुळवलेल्या आणि प्रत्यक्ष अंतरातल्या फरकाने गुणा, जुळवलेल्या अंतराने भागा. ४० मिमीचं भिंग, जुळवणी १०० मीटरला, कागद २५ मीटरवर: २० गुणिले ७५ भागिले १००, उत्तर १५ मिमी. छर्रा आहे ४.५ मिमीचा. म्हणजे रायफल, छर्रा आणि हात तिन्ही निर्दोष असले तरी फक्त गाल थोडा सरकल्याने छर्रा तीन भोकं पलीकडे जाऊ शकतो. हेच गणित ५० मिमीच्या भिंगाला लावलं की जवळपास १९ मिमी येतं. मोठं भिंग इथे उलट नडतं.

म्हणून पुढची कडी फिरवून १० यार्डांपर्यंत जुळवता येणारा एओ हवाच. त्या कडीवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, हात न लावता डोकं वर-खाली करा. कडी थोडी थोडी फिरवत जा, २५ मीटरवरच्या कागदावर क्रॉसहेअर तरंगायची थांबेल तिथे कडीवर खूण करा. तीच तुमची खरी २५ मीटरची खूण.

एक मात्र मान्य. फील्ड टार्गेट स्पर्धांत १० ते ५५ यार्डांतलं अंतर फोकसच्या कडीवरून ओळखतात आणि त्यासाठी २४ काय, त्याहूनही मोठे स्कोप लागतात. पण तिथे बाजूला मोठं चाक असलेले स्कोप आणि बहुतेकदा हिसका नसलेल्या पीसीपी (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफली असतात. त्या किमतीत आपली चर्चा नाही.

वाचवलेले पैसे माउंटमध्ये घाला. ११ मिमीच्या रेलवर दोन सुट्या स्वस्त रिंगा लावल्या की छर्ऱ्यांचे काही डबे संपेपर्यंत स्कोप मागे सरकलेला दिसतो. एकसंध माउंट घ्या, त्याची स्टॉप पिन (सरकणं अडवणारी खिळी) रेलमधल्या भोकात बसवा. भोक नसेल तर मागे वेगळा स्टॉप लावा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंडांपेक्षा जास्त आवळू नका, स्कोपची नळी चेपते. आवळताना कोपरा-कोपरा, थोडं थोडं.

ब्रेक बॅरलमध्ये आणखी एक दुखणं: रायफलीची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. छर्रे खाली लागतात, माणूस स्कोपचा वरचा टरेट (नेम वर-खाली करायचं बटण) फिरवत सुटतो आणि शेवटाला नेतो. तिथे स्कोपमधल्या स्प्रिंगचा ताण संपतो आणि स्कोपची आतली नळी डुलू लागते. मग ग्रुप (एका जागी पडणाऱ्या छर्ऱ्यांचा पुंजका) फुटतो आणि दोष रायफलीवर येतो. उपाय: दोन्ही टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवा, निम्म्यावर आणून ठेवा आणि उरलेलं अंतर माउंटने भरा. झुकाव भरून काढणारे माउंट मिळतात. नाहीतर मागच्या रिंगेखाली पातळ पट्टी घाला. रिंगा १०० मिमी अंतरावर असतील तर ०.१ मिमीची पट्टी २५ मीटरवर निशाण २५ मिमी वर नेते. ०.३ मिमीपुढे जाऊ नका.

कुसळेंचं पदक ५० मीटर थ्री पोझिशन्सचं. त्या प्रकारात दुर्बीण नियमानेच चालत नाही. मागे डायॉप्टर (बारीक भोकाची साइट), पुढे वर्तुळ, अंतर ठरलेलं, पांढऱ्या कागदावर काळा गोल, आणि रायफल ८ किलोपर्यंत जड असू शकते. १० मीटरवर कागदच मारायचा असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, चांगला डायॉप्टर घ्या आणि स्कोप विसरा. २५ मीटरवर, बदलत्या अंतरांना, आखूड उघड्या साइटने ते जमत नाही.

तुमचा ६-२४ घरी आलाच असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करा. १० पटीला ठेवून २५ मीटरवर पाच छर्रे मारा. पाव एमओएचे (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ४० क्लिक वर, पाच छर्रे. ४० उजवीकडे, पाच. ४० खाली, पाच. ४० डावीकडे, पाच. प्रत्येक बाजू ७३ मिमीच्या आसपास यायला हवी आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवरच पडायला हवेत. त्यानंतर टरेटला हात न लावता आणखी २०० छर्रे झाडा आणि पुन्हा पाच मारून बघा. ग्रुप जागेवर असेल तर खुशाल वापरा, फक्त १२ पटीच्या वर नेऊ नका. सरकला असेल तर त्याच दिवशी पार्सल करा.