नथीचा एक पिक्सेल

मी एक व्हिडिओ गेम बनवतेय, त्यात मला आजी पाहिजे होती. तलवारवाला हिरो काय सगळेच काढतात, माझी हिरॉईन म्हणजे नऊवारीतली आजी, हातात लाटणं, बास. कॅनव्हास घेतला १६ बाय १६ पिक्सेलचा, म्हणजे उणेपुरे २५६ ठिपके. म्हटलं एवढुसं तर आहे, चहा गार व्हायच्या आत उरकेल. त्याला आता तीन आठवडे झाले.

पहिली आजी बघून आई म्हणाली, "गॅस सिलेंडर छान काढलायस गं." साडी लाल होती हे मान्य.

मग मी शेडिंगच्या मागे लागले, चहूबाजूंनी कडेला गडद आणि मधे फिकट, तर आजी डिट्टो लोडासारखी दिसायला लागली. नंतर कळलं की या पापाला पिलो शेडिंगच म्हणतात आणि नवशिके सगळे ते करतातच. उजेड एकाच बाजूने येतोय असं ठरवलं, सावलीत नुसतं काळं न मिसळता लाल जरा जांभळ्याकडे नेला, तेव्हा कुठे लोडाची निदान बाई झाली.

पण खरा छळ नथीचा. अख्खा चेहरा ५ पिक्सेल रुंद, त्यात नथीच्या वाट्याला एक. नाकाखाली सोनेरी ठिपका दिला तर दादा म्हणे "हिला सर्दी झालीय का?" मोती म्हणून पांढरा केला तर सर्दी वाढली, बाजूला सरकवला तर पुटकुळी.

१९८१ च्या डाँकी काँग या गेममधला मारियो काढताना त्याचे डिझायनर शिगेरू मियामोतो यांनी म्हणे तोंड काढायला जागा नाही म्हणून मिशी दिली आणि केसांची कटकट नको म्हणून टोपी. माणूस हुशारच, पण मी आजीला मिशी कुठून लावू? टोपीचं मात्र पटलं. आजीच्या डोक्यावर पदर घेतला, केस, अंबाडा, गजरा सगळं एका फटक्यात झाकलं गेलं.

मग ती सिल्हूटवाली परीक्षा, म्हणजे आकृती सगळी काळी करायची आणि तरी ओळखू येतेय का बघायचं. केली, परत सिलेंडर! शेवटी वैतागून डोकंच ८ पिक्सेलचं केलं, निम्मी आजी म्हणजे डोकं, पाय नावापुरते, लाटणं पार वाशाएवढं, आणि डोकं एक पिक्सेल पुढे सरकवून पोक काढला. एकच पिक्सेल हं, पण त्या काळ्या ठिपक्यांतून आजी अशी तरातरा भांडायला आल्यासारखी दिसली की मीच दचकले.

नथ सरळ उडवली आणि व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं. चष्मा वर-खाली करत म्हणाली, "मीच की गं ही! पण नाक का भुंडं ठेवलंस?"

ठिपका परत ठेवलाय. दादा परत सर्दीवर आलाय.