सरडगुहिऱ्याचं पिल्लू घरी आणायला सांगणारा तो मेसेज

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला पाच-सहा ग्रुपवरून आला. मजकूर असा: “शेतात सरडगुहिऱ्याचं पिल्लू सापडलं तर मारू नका, घरी आणा. काचेच्या पेटीत ठेवा. वाटीत पाणी, सोबत पिकलेलं केळं आणि भात द्या. ऊन लागू देऊ नका. हिरवं दिसलं म्हणजे खूश आहे. डोळे मिटून बसलं तर झोपलंय, उठवू नका. लहान मुलांच्या हातात द्या, लवकर माणसाळतं. याला कसलाच आजार होत नाही.”

सातपुड्याच्या पायथ्याशी मी पशुवैद्य म्हणून काम करतो. दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो, पण बांधावर सापडलेलं पिल्लूही लोक माझ्याकडेच आणतात. मेसेज लिहिणाऱ्याला जीव वाचवायचाय, हे मला पटतं. पण त्यातलं ‘मारू नका’ एवढंच खरं आहे. सरडगुहिरा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा, विषारी नाही. त्याच्या दातांत विष नसतं आणि थुंकीतही नसतं. काठी उचलायचं काहीच कारण नाही.

‘घरी आणा’ हे मात्र थेट बेकायदा आहे. आपल्या बोरी-बाभळींवर दिसतो तो भारतीय शॅमेलिऑन. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हे आहेत. परदेशी जातींची गोष्ट वेगळी. येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन कुणाकडे असेल, तर 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारदरबारी नोंद लागते. पुढे पिल्लाच्या तब्येतीबद्दल जे लिहितोय ते अशा नोंदणीवाल्यांच्या कामाचं आहे. बांधावरचं पिल्लू घरात का जगत नाही, हेही त्यातूनच कळेल.

आता पाण्याची वाटी. मागच्या पावसाळ्यात यावलकडचा एक शेतकरी प्लास्टिकच्या बरणीत पिल्लू घेऊन आला. धड जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. “भाऊ, काल पाइन डोया उघाडस नही, काही खास बी नही.” म्हणजे कालपासून डोळे उघडत नाही, काही खातही नाही. बरणीत बाटलीच्या झाकणात पाणी काठोकाठ भरलेलं होतं आणि पिल्लू त्याच्या शेजारीच सुकत चाललं होतं. डोळ्यांचे ते गोल बुरूज आत बसलेले, कुशीची कातडी सुरकुतलेली. विष्ठेसोबत जो पांढरा भाग पडतो, तो गडद नारिंगी झाला होता. पांढरा असला तर पाणी पुरतंय, पिवळा-नारिंगी झाला तर शरीर कोरडं पडतंय, एवढी खूण लक्षात ठेवा.

दवाखान्यामागच्या निंबाची डहाळी तोडली, त्यावर पिल्लू बसवलं आणि फवाऱ्याने पानांवर बारीक पाणी मारलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक थेंब पानाच्या टोकाशी येऊन थांबला, चमकला, आणि पिल्लाने हळूच तोंड लावलं. गळ्याखालची कातडी वर-खाली होताना दिसली. हा प्राणी झाडावरचा आहे, तो पानावरचं दव आणि पावसाचे थेंब पितो. साचलेलं पाणी बहुतेकदा त्याला पाणी म्हणून कळतच नाही. ड्रॉपरने जबरदस्तीने तोंडात पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेही करू नका.

‘काचेची पेटी’ आणि ‘ऊन नको’, या दोन सूचना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यांचा परिणाम लगेच दिसत नाही. उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे या प्राण्याच्या कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम अंगी लागतं. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, त्यामुळे खिडकीच्या आतलं ऊन पिल्लाच्या हाडांसाठी ऊनच नाही. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं मऊ पडतात. कुणीतरी दीड महिना घरात ठेवलेलं एक पिल्लू माझ्याकडे आलं होतं. पुढचे पाय कोपरात धनुष्यासारखे वाकलेले, फांदीवर पकड नाही, खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबायचा. जीभ बाहेर यायची पण किड्यापर्यंत पोचायची नाही. ते चार दिवसांनी गेलं. घरच्यांनी माया कमी केली नव्हती, रोज कापसाच्या गादीवर ठेवलं होतं.

याचा अर्थ पेटी उचलून उन्हात ठेवा असा मुळीच नाही. आपल्याकडे वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हातली बंद काचपेटी काही मिनिटांत भट्टी होते. पिल्लासाठी ऊबेची जागा साधारण 29-30 अंशांची पुरे, आणि तिथून सरकून सावलीत जाता आलं पाहिजे. म्हणून जाणकार पाळणारे जाळीचा उभा पिंजरा, आत खरी झाडं आणि अतिनील-बी देणारा खास दिवा वापरतात. जाळीमुळे हवा खेळती राहते. काचेच्या दमट पेटीत हवा कोंडते आणि श्वासाचे आजार लागतात. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, त्याला दुसरा सरडा समजून पिल्लू दिवसभर धास्तावलेलं राहतं ते वेगळंच.

केळं रावेर-यावलची शान असली, तरी ती या पिल्लासाठी नाही. भातही नाही. भारतीय शॅमेलिऑन किडे खातो, आणि पिल्लाला दिलेला किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पण म्हणून कपाशीतले किडे धरून घालू नका. फवारणी झालेल्या शेतातला किडा म्हणजे विषाची पुडी. पाळणारे किड्यांना आधी चांगला पाला खाऊ घालतात, मग कॅल्शियमची पूड लावून देतात. मेडिकलमधून माणसांचे अ आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब आणून पाजणारेही भेटलेत. मात्रा जास्त झाली की त्यानेच अपाय होतो.

‘हिरवं म्हणजे खूश’ हेही तसंच. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की कातडीतल्या बारीक स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. त्यामागे मनःस्थिती असते, ऊब-गारवा असतो, समोरचा सरडा असतो. खंगलेलं पिल्लूही हिरवं दिसू शकतं. उलट दिवसभर काळपट राहिलं, तर ते थंडीने किंवा भीतीने आहे का ते आधी बघावं.

आणि डोळे. रात्री डोळे मिटून, रंग फिका करून झोपणं ठीक. पण दिवसाढवळ्या डोळे मिटलेले असतील तर पिल्लू आजारी आहे असंच धरा: पाणी कमी पडलंय, डोळ्यात संसर्ग आहे किंवा अंगात त्राण उरलेलं नाही. रानात अशक्त दिसणारा जीव पहिला उचलला जातो, म्हणून हे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. ‘कसलाच आजार होत नाही’ हा समज त्यातूनच आला असावा. उकाडा नसताना तोंड उघडं, मान वर, नाकातोंडाशी फेस किंवा श्वासाला टकटक आवाज असेल तर तो छातीचा संसर्ग समजा. हिरडीवर सूज किंवा पिवळा चिकट थर दिसला तरी थांबू नका. रानातल्या बहुतेकांच्या पोटात थोडे जंत असतातच. कोंडल्याच्या ताणाने तेच वाढतात. नोंदणी असलेलं नवं पिल्लू आणलं तर पहिल्याच आठवड्यात त्याची विष्ठा तपासून घ्या.

मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नका. हाताळणं पिल्लाला सोसत नाही, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा धोका जास्त. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवा.

बांध साफ करताना पिल्लू दिसलं आणि ते धडधाकट असेल, तर जवळच्याच बोरीवर किंवा बाभळीवर जाऊ द्या. अंड्यातून निघाल्यापासून ते स्वतःचं स्वतः जगतं, आईपासून तुटलं असं वाटून घेऊ नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात एक डहाळी घालून सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.

निंबाच्या डहाळीवरच्या त्या पिल्लाने दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. एक डोळा माझ्याकडे, दुसरा मागच्या भिंतीवरच्या माशीकडे. संध्याकाळी वनरक्षक आले, आणि आम्ही तिघांनी ते जिथे सापडलं होतं त्याच बांधावर नेलं. बोरीच्या काट्यांतून डुलत डुलत ते वर गेलं, शेपूट एका फांदीला गुंडाळलं, आणि पाच पावलं मागे येईतो आम्हाला दिसेनासं झालं.