पालकाला धातू पाजण्याची कृती

पालकात लोह असतं, हे आजीपासून ऐकत आलात. पण नुसत्या लोहावर किती दिवस काढणार? जरा कॅडमियम, शिसं, निकेलही पोटात जाऊ द्या. सुरुवात घरच्या बादलीतच करायची.

जुन्या कॉर्डलेस फोनमधले निकेल-कॅडमियम सेल काढा आणि भाजीच्या सालींत टाका. फुटलेली सीएफएल, तळाशी रंग उरलेला डबा, सगळं त्यावरच. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवा असं २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितलं खरं. पण तुम्ही वेगळा केलात तरी घंटागाडीत सगळ्या बादल्या एकावर एकच उपड्या होतात. आमच्या गल्लीत तरी होतात.

पुढचं काम खताच्या ढिगातल्या जिवाणूंचं. सालं, देठं ते फस्त करतात, धातू काही त्यांना पचत नाही. ढीग बसत जातो, धातू तेवढाच राहतो. दूध आटवून बासुंदी करतात ना, तसंच. शहरी कचऱ्याच्या किलोभर खतात ५ मिलिग्रॅम कॅडमियम आणि १०० मिलिग्रॅम शिसं इथवर कायद्याची हरकत नाही. त्यापुढे मजल मारायची तर एकच पथ्य पाळा: खत तपासायला देऊ नका.

शेतात चुना चुकूनही टाकू नका. आंबट माती चुन्याने सुधारते आणि कॅडमियम तिलाच चिकटून बसतं. मग पिकाने खायचं काय? पीक पालेभाजीचं घ्या. पालकाच्या मुळांतून कॅडमियम सरळ पानांत चढतं. शिसं मात्र आळशी, बहुतेक मुळाशीच रेंगाळतं. त्याच्यासाठी मुळा-गाजराचा एखादा वाफा असू द्या.

धुण्याचं म्हणाल, तर पाच पाण्यांनी धुवा, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. वरची धूळ जाईल. आत मुरलेलं कुठे जातंय? ते पुढे मूत्रपिंडात बिऱ्हाड करतं आणि १०-३० वर्षांनी कुठे निम्मं हलतं. पागडीचा भाडेकरू परवडला.

जपानात जिन्झू नदीकाठच्या लोकांना खाणीतलं कॅडमियम भातातून मिळालं. हाडं अशी ठिसूळ झाली की रोगाचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. कारण कॅडमियमच, हे सरकारने १९६८ साली मान्य केलं. आपल्याला एवढी घाई नाही. आपलं जुडीजुडीने चाललंय.

पालक निवडून झाला? देठं ओल्या कचऱ्यात टाका. एवढ्या मेहनतीने चढवलेला धातू वाया कशाला घालवायचा?