वटवाघूळ म्हणजे पंख फुटलेली घूस? छे!

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. वटवाघूळ म्हणजे पंख फुटलेली घूस. तशीच भराभर वाढते, वायरी कुरतडते, वर आंधळी आणि निपाह हा जीवघेणा विषाणू पसरवणारी. तेव्हा वटवाघळं लटकतात तो आवारातला वड तोडून टाका.

आधी जातकुळी. घूस उंदरा-खारींच्या गणातली. वटवाघळांचा गणच निराळा, आणि जनुकांचा हिशेब मांडला तर ती घुशीपेक्षा गाय, घोडा, मांजर यांना जवळची. घुशीचं जवळचं नातं निघतं ते आपल्याशी! नाती जोडायची हौस असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. कायद्यानेही कधीकाळी दोघांना एकाच दावणीला बांधलं होतं: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं एकाच उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

भराभर वाढतात म्हणे. घूस तीन-साडेतीन आठवड्यांत विते, एका वेतात पाच-सहा पिल्लं सहज, आणि वर्षातून अशी कितीतरी वेतं. वडावरच्या मोठ्या वटवाघळाची मादी जवळपास पाच महिने गाभण असते आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते.

कुरतडण्याचं म्हणाल, तर घुशीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवल्याशिवाय तिची सुटका नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात उकरलेल्या ओल्या मातीचा ढीग, खचलेली फरशी, स्कूटरची सोललेली वायर, ही सगळी तिचीच कामं. वटवाघळाला असे दातच नसतात. सकाळी वडाखाली जाऊन बघा: रस चोखून थुंकलेले चोथ्याचे गोळे आणि उंबराच्या बियांनी भरलेली विष्ठा. खाली गाडी लावणाऱ्याचा वैताग मान्य. पण याच बिया दूरवर पडून वड-उंबर रुजतात.

आंधळं तर ते मुळीच नाही. टपोरे डोळे आणि तिखट नाक यांच्या जोरावर ते अंधारात फळं शोधतं.

राहिला निपाह. हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नये. केरळमध्ये २०१८ साली साथ आली, तेव्हा वडावरच्या याच मोठ्या जातीच्या वटवाघळांत विषाणू सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही निपाहची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, मिळाली. ती जात वेगळी, गुहेत राहणारी. म्हणून उष्टी, चोचलेली फळं खाऊ नका, पडलेल्या वटवाघळाला हात लावू नका, मुलांनाही तसंच बजावा. पण रोगाची भीती घालताना घुशीला कसं विसरता? तिच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तोही साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे. आणि १८९७च्या प्लेगमध्ये हे शहर रिकामं झालं ते उंदरांवरच्या पिसवांपायी.

वड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या अर्जात वेळ घालवण्याआधी ओला कचरा झाकून ठेवा आणि ड्रेनेजची फुटकी झाकणं बदला.