शेजार नकाशात बसत नाही

संकटात सरकारी यंत्रणेच्या आधी शेजारीपाजारी आणि भाऊबंदच धावून येतात, असं सांगणारा लेख वाचला आणि पटला. फक्त ही माणसं हाकेच्या अंतरावर असावी लागतात, तो मुद्दा राहून गेला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. ते बसल्यावर माणूस नेमका कुठे दबलाय हे सांगणार कोण? जवान आले, यंत्रं आली, पण पहिले दगड उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी. म्हातारी कुठे निजते, बाळंतीण कुठल्या खोलीत आहे, हे शेजारच्या घरालाच ठाऊक. जपानमधल्या १९९५ च्या कोबे भूकंपातही ढिगाऱ्यातून वाचवलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं.

पुढचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. लातूर-उस्मानाबादेतली पन्नासेक गावं नव्या जागी वसवली. घरं भक्कम मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण घराचा आकार ठरला जमिनीच्या हिशेबाने: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. बऱ्याच ठिकाणी आकारानुसार रांगा पडल्या आणि भिंतीला भिंत लावून नांदणारी भावकी पांगली. रुंद, सरळ रस्ते नकाशावर छान दिसतात हो! पण या ओसरीवरून त्या ओसरीला हाक पोचत नाही. प्लॉट वाटताना 'शेजारी कोण हवा?' एवढं विचारायला असा कितीसा खर्च आला असता?