वी कापायच्या आधी हे वाचा

गेला महिनाभर एक क्लिप जो तो मला पाठवतोय. आधी पुतण्याने पाठवली, मग सोसायटीच्या ग्रुपवर आली, आणि परवा तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याने फोन पुढे केला, "साहेब, तुमच्या कामाचं आहे बघा." एक हात निंटेंडो वीचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या गेम कन्सोलचा, बोर्ड कटिंग डिस्कने कापतोय, आणि लगेच पुढच्या दृश्यात तोच बोर्ड हातात मावणाऱ्या डब्यात बसलेला, स्क्रीनवर गेम चालू. खाली मजकूर: जुना कन्सोल भंगारात देऊ नका. या रेषेवर कापा, पॉवर बँक जोडा, गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची स्क्रीन लावा. दीड हजार रुपये, एक दुपार, सहा तास खेळा. कंपन्यांना हे जमत होतं, पण त्यांनी मुद्दाम केलं नाही. आणि हो, वीस वर्षं झाली की गेम फुकट.

मी या छंदाच्या विरोधात नाही. दोन वी मी स्वतः कापलेत. त्यातला एक चालतो.

"या रेषेवर कापा." कोणत्या बोर्डावरची रेषा? वी २००६ मध्ये आला आणि नंतर त्याच्या बोर्डाची मांडणी बदलत गेली. २०११ च्या मॉडेलमधून तर गेमक्यूबचे, म्हणजे निंटेंडोच्या आधीच्या कन्सोलचे, पोर्टच काढून टाकले. एका बोर्डावर जिथे नुसता फायबर आहे, तिथेच दुसऱ्यावर मेमरीकडे जाणारी तार असू शकते. पण समजा रेष बरोबर आहे आणि हातही स्थिर आहे. तरी जो भाग कापून फेकायचा, त्यावरच वीजपुरवठ्याचं सगळं सर्किट असतं. अडॅप्टरमधून १२ व्होल्ट येतात, पण ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २४३ मेगाहर्ट्झची ग्राफिक्स चिप १२ व्होल्टवर चालत नाहीत. त्यांना आणि मेमरीला मिळून १, १.१५, १.८ आणि ३.३ असे चार वेगवेगळे व्होल्टेज लागतात. कापल्यावर हे चारही आपण बाहेरून, आपल्या कन्व्हर्टरने (एका व्होल्टेजचं दुसरं करणारं छोटं सर्किट), बारीक तारांनी द्यायचे. क्लिपमध्ये डिस्क थांबते आणि गेम सुरू होतो. खरं काम त्या दोघांच्या मधे आहे, आणि ते कुठेच दिसत नाही.

बोर्डावर आणखी एक चिप असते, ५१२ एमबीची फ्लॅश. त्यात यंत्राचं सॉफ्टवेअर असतं, आणि ते त्या एकाच वीच्या किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं. ही चिप खराब झाली तर दुसऱ्या वीची काढून लावली असं होत नाही. म्हणून डिस्क हातात घ्यायच्या आधी बूटमी नावाच्या प्रोग्रॅमने त्या फ्लॅशचा बॅकअप एसडी कार्डावर घ्यायचा. डीव्हीडी ड्राइव्ह जाणार, म्हणजे यूएसबीवरून गेम चालवायची तयारीही यंत्र अखंड असतानाच करून ठेवायची. क्लिपमध्ये यातलं अवाक्षर नाही.

माझा पहिला वी का गेला तेही सांगतो. कापल्यावर कड मला अगदी स्वच्छ दिसत होती. बोर्ड एकावर एक अशा अनेक थरांचा असतो आणि डिस्क तांब्याची बारीक कुसळं एका थरावरून दुसऱ्यावर ओढून नेते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वीज दिली, वास आला, संपलं. दुसऱ्या वेळी कापण्याआधी प्रत्येक व्होल्टेजच्या जागेपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मीटरने मोजून वहीत लिहिला. कापलं, कड पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासली, पुन्हा मोजलं. आकडे जुळेपर्यंत घासत राहिलो. हे घासणंच अख्खी दुपार खातं.

"सहा तास खेळा." हे गणित कसं आलं असेल याचा अंदाज येतो. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलंय, वी दीड अँपिअर घेतो, भागाकार केला की साडेसहा तास. गोम अशी की ते १०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचे आहेत, आणि वीचा दीड अँपिअर १२ व्होल्टवरचा. दोन्हीकडे वॅट लावून बघा. पॉवर बँकेत ३७ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना काही वाया जाणार, हातात उरले समजा ३१. न कापलेला वी खेळताना साधारण १६ वॅट घेतो, स्क्रीनचे दोन-तीन वेगळे. पावणेदोन तासही नीट भरत नाहीत. त्यात साधी पॉवर बँक देते ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. यावर वी सुरूच होणार नाही.

नीट कापला, ड्राइव्ह काढली, चांगले कन्व्हर्टर लावले तर खप बराच उतरतो. माझ्याकडचा चालू वी स्क्रीन धरून बारा वॅटच्या आसपास घेतो. आत ३००० एमएएचचे दोन १८६५० आकाराचे लिथियम सेल आहेत, म्हणजे २१ वॅट-तासांच्या जरा वर. दीड तास चालला की मी खूश असतो.

सेलवरून आठवलं. क्लिपखालच्या मजकुरात 'जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेलही चालतील' असंही आहे. जादा चार्जिंग रोखणारं प्रोटेक्शन सर्किट नसलेला, वय माहीत नसलेला लिथियम सेल बंद प्लास्टिकच्या डब्यात, गरम चिपच्या शेजारी, आणि तो डबा पोराच्या हातात? हे करू नका. ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झालेला सेल तापतो, पेटूही शकतो. बाकी सगळ्या चुकांत फार तर बोर्ड जातो.

दीड हजारांत? माझ्या वहीत कन्व्हर्टर, सेल, चार्जिंग बोर्ड, स्क्रीन, बटणं, हीटसिंक, छोटा पंखा आणि थ्रीडी प्रिंट केलेला डबा मिळून सात हजारांच्या वर आकडा आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, खेपा आणि मेलेला पहिला वी त्यात धरलेला नाही.

"कंपन्यांनी मुद्दाम केलं नाही." केलं की! एनईसीने १९९० मध्ये टर्बोएक्सप्रेस हा हातात धरायचा कन्सोल आणला. घरच्या कन्सोलची तीच कार्डं त्यात चालायची. सेगाने १९९५ मध्ये अमेरिकेत तसाच नोमॅड विकला, घरच्या जेनेसिसच्या कॅसेट घेणारा. दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि दोन-तीन तासांत त्यांचा फडशा पडायचा. कंपन्यांचं घोडंही बॅटरीपाशीच अडलं होतं. यात कारस्थान कसलं आलंय?

वीस वर्षांनी गेम फुकट होतात, हेही खोटं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि तिथे मुदत दशकांत मोजतात, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. आपल्याकडची डिस्क आपली, एवढंच.

आता त्या क्लिपमधलं खरं काय ते. ड्राइव्ह मेलेला वी असेल तर जरूर कापा, तो तसाही कपाटावर धूळच खातोय. चालता वी मात्र कापू नका. रिमोट हवेत फिरवून खेळायचे गेम, ज्यासाठी तो घेतला होता, ते हातातल्या डब्यात तसेही धड खेळता येत नाहीत.

आणि एका दुपारी, थोड्या पैशांत होणारी गोष्टही आहे, फक्त ती वी नव्हे. नव्वदीत आपल्या घरांत जो 'टीव्ही गेम' होता, पिवळ्या कॅसेटवाला, तो उघडून बघा. निंटेंडोच्या फॅमिकॉमची ती नक्कल. नंतरच्या काळातल्या यंत्रांत अख्खा संगणक एका काळ्या, डांबरासारख्या ठिपक्याखाली असतो. बोर्ड बघता बघता तळहातावर मावतो, ५ व्होल्टवर चालतो, तापत नाही, काही कापावंही लागत नाही. व्हिडिओची एक तार, आवाजाची एक, वीज, बटणं, आणि इथे ती रिव्हर्स कॅमेऱ्याची स्क्रीन खरंच चालते. पुतण्याने आणि मी दिवाळीच्या सुट्टीत असा एक बनवला. डबा म्हणून चकलीचा प्लास्टिकचा डबा वापरला, कॅसेट वरून शिंगासारखी बाहेर येते.

फक्त टीव्ही गेमसोबत मिळणारी, बदकं मारायची बंदूक चालत नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि बंदुकीचा डोळा तो उजेड त्याच क्षणी टिपतो. हे जुळतं ते जुन्या काचेच्या टीव्हीवर. एलसीडीवर ते गणित बसत नाही. पुतण्याने स्क्रीनला नळी टेकवून वीस गोळ्या झाडल्या. "काका, हे बदक मरतच नाही."