पेटीचा भाव वेबसाइटवर का नसतो?

जानेवारी संपत आला की मला एकाच छापाचे फोन सुरू होतात. "मॅडम, यंदा वेबसाइटवर जरा जोर लावायचाय. गुगलला पहिल्या नंबरवर आणा." मी रत्नागिरीत राहते आणि आंबा बागायतदार, काजू-कोकमवाले, दोन-चार खोल्यांचे होमस्टे चालवणारे अशा लोकांच्या वेबसाइट सांभाळते. बनवून देणारे गल्लोगल्ली आहेत. सांभाळणारे कमी, कारण सांभाळण्याचे पैसे मागितले की समोरचा म्हणतो, "वेबसाइट तर झालीय, आता पैसे कशाचे?"

तर कशाचे, ते आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधी सांगून टाकते. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट चालत नाहीत, त्यात जाहिरात कमी पडल्याचा भाग फार थोडा असतो. गिऱ्हाइकाला जे विचारायचं असतं त्याचं उत्तर तिथे नसतं, आणि उत्तरासाठी फोन केला तर तो उचलला जात नाही. एवढं दुरुस्त न करता जाहिरातीला पैसे लावले की जास्त लोक येतात आणि जास्त लोक वैतागून परत जातात. वर रिपोर्टमध्ये आकडे छान दिसतात.

कुठलीही आंब्याची वेबसाइट उघडून बघा. वर सरकणारे पाच फोटो. त्यातले चार नेटवरून उचललेले, आणि त्यातला एक हापूस नसतोच, लालभडक गालाचा परदेशी टॉमी अ‍ॅटकिन्स असतो. आंबा ओळखणारं गिऱ्हाईक तिथेच बंद करून निघून जातं. खाली 'वेलकम टू अवर वेबसाइट', त्याखाली 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय', आणि भावाच्या जागी 'रेटसाठी संपर्क करा'. संपर्क करावा तर दुपारी काका बागेत, रेंज नाही. संध्याकाळी पॅकिंगची धांदल. रात्री काका परत फोन करतात तोवर पुण्यातल्या त्या बाईंनी दुसरीकडे पेटी सांगून टाकलेली असते.

भाव का लिहीत नाही विचारलं की दोन उत्तरं ठरलेली. एक, भाव रोज बदलतो. दोन, शेजारचा बघतो. शेजारच्याला तुमचा भाव वाशी मार्केटमधून आधीच कळलेला असतो, त्याची काळजी सोडा. आणि रोज बदलतो हे खरंच आहे. मार्चमधली पेटी आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातली पेटी यांची तुलनाच होत नाही. पण म्हणूनच तारखेसकट लिहायचा. मी गुगल शीट करून देते, काकांच्या मुलाने किंवा सुनेने सकाळी मोबाइलवर त्यात चार आकडे बदलायचे, वेबसाइटवर आपोआप 'आजचा भाव' दिसतो. 'आजचा' म्हटल्यावर लोक उद्या भांडायला येत नाहीत. यात कसलीही जादू नाही. तरी यासाठी मला एकेका घरी दोन-दोन सीझन हुज्जत घालावी लागली आहे.

गिऱ्हाइकाचे प्रश्न तरी कुठे अवघड असतात? पेटीत डझन किती? फळ साधारण किती ग्रॅमचं? कच्चा येणार की तयार? कोथरूडला कधी पोचेल, घरी येणार की ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून आणायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो तोंडावर कोणी पटकन विचारत नाही: खराब निघाला तर?

इथे एक गोष्ट सांगते. हापूसमध्ये साका होतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. बागायतदाराला तो वरून कळत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. त्याबद्दल वेबसाइटवर कोणी अवाक्षर काढत नाही, कारण 'आपणच आपल्या मालाची बदनामी कशाला करा'. माझ्या एका बागायतदारांना मी कसंबसं पटवलं आणि एक साधं पान लिहिलं. साका म्हणजे काय, का दिसत नाही, कापलेल्या फळाचा फोटो, आणि खाली एक ओळ: असा आंबा निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालू, पुढची पेटी नसेल तर पैसे परत. काका आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. म्हणाले, आता लोक बाजारातल्या आंब्याचे फोटो काढून पाठवतील.

असे एखाददोन महाभाग निघालेही. पण त्या सीझनला येणाऱ्या फोनचा सूरच बदलला. "तुमच्या वेबसाइटवर साक्याचं वाचलं, म्हणून फोन केला," असं म्हणणारी माणसं भाव पाडून मागत नाहीत. गुगलवर 'आंबा आतून पांढरा का' असं शोधणाऱ्यांनाही तेच पान सापडायला लागलं, आणि तेही जाहिरातीचा एक रुपया न घालता. याला हवं तर एसइओ म्हणा, कंटेंट मार्केटिंग म्हणा. मला ते गिऱ्हाइकाशी सरळ बोलणं वाटतं.

पहिल्या नंबरचं काय, तर पहिल्या नंबरची हमी कोणी देऊ शकत नाही असं खुद्द गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. तरीही दर महिन्याला कोणीतरी 'गॅरंटीड पहिलं पान' विकून जातो आणि लोक घेतात. नीट बघितलं तर तो पहिला नंबर घेणाऱ्याच्या स्वतःच्याच नावाला असतो. आपल्याच बागेचं नाव टाकून शोधलं तर आपण पहिले येणारच की!

परदेशातल्या ऑर्डरचा किस्सा वेगळाच. कितीतरी वेबसाइटवर 'वर्ल्डवाइड शिपिंग' लिहिलेलं असतं, कारण विकत घेतलेल्या थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यात, ते आधीच होतं आणि कोणी काढलं नाही. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरण केलेल्या, म्हणजे किडीसाठी किरणांची प्रक्रिया केलेल्या फळालाच. ते काम ठरावीक केंद्रांवर होतं, कागदपत्रं असतात, तपासणी असते. घरून पेटी बांधून कुरिअरला दिली आणि न्यू जर्सीला गेली, असं होत नाही. ती ओळ मी दिसेल तिथे काढते. पण न्यू जर्सीहून येणारा माणूस खोटा नसतो. त्याला आंबा स्वतःसाठी नकोच असतो, त्याला डोंबिवलीतल्या आईवडिलांकडे पेटी पाठवायची असते. आणि आपला ऑर्डर फॉर्म त्याला आत येऊ देत नाही! मोबाइल नंबर दहाच आकडी हवा म्हणतो. पैसे देणाऱ्याचा पत्ता आणि पेटी पोचवायचा पत्ता एकच धरतो. परदेशी कार्ड चालत नाही, कारण पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडून, ती सोय वेगळी मागून घ्यावी लागते आणि ती कोणी मागितलेली नसते. हे तीन अडथळे काढायला जेमतेम दोन दिवस लागतात, मग मंजुरीची वाट. पण अशी ऑर्डर एकदा आली की तो माणूस दर वर्षी येतो, भाव विचारत नाही, फक्त 'आईबाबांना फोन करून मगच पाठवा' एवढं सांगतो. तेवढा फोन मात्र करायचा. तो केला नाही तर बाकीचं सगळं फुकट.

फोटोंबद्दल थोडक्यात. स्वतःच्या बागेचे काढा, डिसेंबरात मोहोर आला की तेव्हाच काढा, आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतात. ते हलके करून वेबसाइटवर चढवणं माझं काम. आणि मजकूर फ्लेक्सवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला असेल तर तसाच पाठवू नका, माझ्याकडे तो अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा ढिगारा होऊन येतो. त्यापेक्षा व्हॉइस मेसेज करा, मी टाइप करते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे आहेत. ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीय त्यांनी ते प्रमाणपत्र घरात फ्रेम करून टांगलेलं असतं. वेबसाइटवर नसतं! कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो म्हणून आपण वर्षभर ओरडायचं, आणि आपल्याजवळचा पुरावा दिवाणखान्यात ठेवायचा.

आता खरी चीड येते तो विषय. किल्ल्या. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलीय तिथलं लॉगिन कोणाकडे? गुगल बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे गुगलवर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीचा मालक कोण? निम्म्या लोकांना माहीत नसतं. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, पुढे तो नंबर बदलतो किंवा नोकरीला लागतो. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली, त्यानंतर मिळणारे सवलतीचे दिवसही गेले, की पुढे ३० दिवसांत भरमसाट दंड भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं. टेंपोवर, पेटीवर, लग्नाच्या अहेराच्या पिशवीवर छापलेला पत्ता दुसऱ्याचा झाला. एका ओळखीच्या कुटुंबाला, नाव नको, डोमेन परत देण्यासाठी चक्क खंडणी वाटावी अशी रक्कम मागितली गेली. ऐन मार्चमध्ये. त्यांनी दिली, करणार काय?

तीच गत फुकटच्या गोष्टींची. गुगल प्रोफाइलसोबत जी मोफत वेबसाइट मिळायची ती गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. इमेलवर सूचना येत होत्या, पण तो इमेल पत्ता कॉलेजात गेलेल्या भाच्याचा होता. त्याच प्रोफाइलवर नावाच्या जागी 'बेस्ट हापूस मँगो होम डिलिव्हरी रत्नागिरी' असं कोणीतरी घालून ठेवतं, आणि मग ते निलंबित झालं की माझ्याकडे धावाधाव. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे लिहायचं, नियम एवढाच आहे. आणि रिव्ह्यू लिहिला तर डझनामागे सवलत, हेही चालत नाही. पेटी पोचल्यावर चार दिवसांनी, आंबा पिकून खाऊन झाला की, 'कसा निघाला?' असा एक मेसेज टाका. गोड निघाला असेल तर लोक आपणहून लिहितात.

जूनपासून पुढे सगळे वेबसाइट विसरतात. माझं अर्धं काम तेव्हाच चालतं. वर्डप्रेसचे, म्हणजे वेबसाइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचे प्लगइन (जोडलेले छोटे प्रोग्रॅम) अपडेट न करता पावसाळाभर पडून राहिले की कोणीतरी आत शिरतं, आणि दिवाळीत आपल्या बागेचं नाव शोधलं तर गुगलवर जपानी अक्षरांत बुटांच्या जाहिराती दिसतात. ऐकून हसू येतं, ते साफ करताना येत नाही. शिवाय सीझन संपला म्हणून पानं उडवायची नसतात. त्याच पानावर 'यंदाचा आंबा संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा' एवढं लिहायचं. दर वर्षी नवा पत्ता, नवं पान केलं की गुगलकडे पुन्हा शून्यापासून ओळख करून द्यावी लागते.

जाहिराती करूच नका असं मी म्हणत नाही. मार्चअखेर ते अक्षय्य तृतीया या काळात पुण्या-मुंबईतले ठरावीक पिनकोड धरून केलेली जाहिरात पैसे वसूल करते, पण ज्या दिवशी माल हातात आहे त्याच दिवशी. अवकाळी झाली, तोडणी थांबली, तर जाहिरात त्याच सकाळी बंद व्हायला हवी. हे एजन्सीला कळत नाही, कारण तिला आभाळ दिसत नाही. आणि हिशेब 'किती लाख लोकांपर्यंत पोचलो' याचा मागू नका. फोनजवळ वही ठेवा, प्रत्येकाला 'नंबर कुठून मिळाला' विचारा, लिहा. मे संपला की ती वही घेऊन या, मी वेबसाइटचे आकडे घेऊन येते, दोन्ही शेजारी ठेवून बसू. पुढच्या वर्षीचे पैसे कुठे घालायचे ते एका दुपारी ठरतं.

मार्चमध्ये मी नवीन काम घेत नाही, कितीही ओळख काढली तरी. ज्यांना यंदा करायचंय त्यांनी गणपती झाले की फोन करा. येताना डोमेन कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून या.